ताट गोल राहिलं पाहिजे

“टीव्हीवर सगळे जाडे दिसतायत” आणि “बाजूच्या काळ्या पट्ट्या काढून द्या.” जुन्या लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर करून देण्याच्या कामात या दोन तक्रारी सर्वांत जास्त ऐकू येतात, आणि दोन्ही एकाच घरातून, एकाच व्हिडिओबद्दल येऊ शकतात. वरवर त्या वेगळ्या वाटतात, पण पहिलीचं कारण बहुतेक वेळा दुसरीत असतं. पट्ट्या जाव्यात म्हणून कुणीतरी चित्र आडवं ताणलेलं असतं आणि त्यात माणसं जाडी झालेली असतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन शहरं आणि त्यांच्या आसपासची जांभूळसारखी गावं यांच्या घरांमध्ये आज तीन पिढ्यांचं चित्रण एकत्र नांदतं आहे: व्हीएचएसच्या कॅसेटी, मिनीडीव्हीच्या छोट्या कॅसेटी आणि डीव्हीडी, आणि आता मोबाइल. तिन्हींच्या चौकटी वेगळ्या. त्या सगळ्या एका रुंद टीव्हीवर आणायच्या असतात, आणि मिक्सिंग करणाऱ्याचा खरा कस तिथे लागतो. माझं म्हणणं असं की चौकटीचा आकार शूटिंगच्या वेळी ठरून गेलेला असतो. जतन करायच्या प्रतीत तो टीव्हीच्या मापानं बदलू नये, कॅसेट कुणाचीही असो आणि टीव्ही कितीही मोठा असो. हा हट्ट नाही, त्याला कारणं आहेत, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही वजनदार असल्यानं त्यांना उत्तर द्यायला हवं.

आधी फाइलमध्ये चित्र कसं साठतं ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते पाल पद्धतीनं. या पद्धतीत ६२५ रेषा असतात आणि त्यांपैकी ५७६ रेषांत दिसणारं चित्र असतं. त्याच १९८२ साली टीव्हीचं चित्र आकड्यांत साठवण्याचं जागतिक मानक ठरलं. भारत-युरोपातली पाल आणि अमेरिका-जपानमधली एनटीएससी या दोन्ही पद्धतींना एकच मोजमाप चालावं म्हणून सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घ्यायचं ठरलं, आणि त्यातून दोन्हीकडे प्रत्येक रेषेवर ७२० नमुने आले. म्हणून आपल्याकडची चौकट ७२०×५७६. आता ७२० ला ५७६ नं भागलं तर १.२५ येतात, आणि जुन्या टीव्हीचा पडदा ४:३, म्हणजे १.३३. हा मेळ बसत नाही, कारण त्या काळचा पिक्सेल चौरस नाही, तो किंचित रुंद आहे. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण रुंद पडद्याचं १६:९ चित्रणही याच ७२०×५७६ मध्ये साठवलं जातं. साठवताना ते आडवं दाबायचं आणि दाखवताना पुन्हा मोकळं करायचं. सिनेमास्कोपच्या भिंगानं हेच काम काचेतून केलं होतं, इथे ते आकड्यांतून होतं. फाइलमध्ये फक्त एक छोटा शेरा असतो: हे चित्र ४:३ दाखवा, किंवा १६:९ दाखवा. तो शेरा चुकला, पुसला गेला किंवा समोरच्या यंत्रानं वाचलाच नाही, तर चित्राचा एकही कण न बिघडता माणूस जाडा नाहीतर काठीसारखा उभट होतो.

आकडा बघून आकार कळतो, हा समज या धंद्यात खोलवर रुजलेला आहे. तो किती फसवा आहे याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे १४४०×१०८० ही चौकट. सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प यांनी २००३ साली एचडीव्ही हा प्रकार ठरवला. त्यातल्या १०८० रेषांच्या कॅमेऱ्यांनी मिनीडीव्हीच्याच कॅसेटवर १४४०×१०८० असं चित्र नोंदवलं, आणि ते पूर्ण १६:९ आहे, कारण त्याचा पिक्सेल उंचीच्या १.३३ पट रुंद धरलेला आहे. दुसरीकडे व्हीएचएसची ४:३ कॅसेट आजच्या टीव्हीसाठी चौरस पिक्सेलमध्ये मोठी केली की तीही बरोबर १४४०×१०८० होते. दोन फाइली शेजारी ठेवल्या तर रुंदी-उंचीचे आकडे अगदी एकसारखे, पण एक रुंद आणि एक जवळपास चौकोनी. त्यामुळे “१४४० दिसलं, १९२० करून टाक” ही घाईची सवय एका फाइलला बरोबर ठरते आणि दुसरीतल्या नवऱ्यामुलीचा चेहरा ३३ टक्के रुंद करते. त्यातही एक बारीक पेच आहे. एमपी४ फाइलमध्ये हा शेरा दोन ठिकाणी असू शकतो: एक आतल्या चित्रप्रवाहात आणि एक बाहेरच्या पेटीवर. दोन्हींत फरक पडला, तर एक प्लेअर आतला मानतो आणि दुसरा बाहेरचा. “तुमच्याकडे बरोबर दिसतं, आमच्याकडे बिघडतं” या वादात अनेकदा दोन्ही माणसं खरं बोलत असतात.

म्हणूनच दोष शोधताना आकड्यांच्या आधी डोळ्यानं एखादी गोल वस्तू शोधावी. आपल्या लग्नांत गोल वस्तूंची वाण नाही. औक्षणाचं ताट, हळदीची वाटी, कलशाचं तोंड, मांडवातल्या टेबलफॅनची जाळी, भिंतीवरचं घड्याळ. कॅमेऱ्याच्या समोर सरळ असलेलं भिंतीवरचं घड्याळ सर्वांत भरवशाचं, कारण ताट तिरकं धरलेलं असेल तर ते मुळातच लंबगोल दिसतं. अशा फ्रेमवर थांबावं आणि पडद्यावर साधी पट्टी लावून आडवं-उभं माप घ्यावं. दोन्ही सारखी आली तर इथपर्यंत ठीक आहे. आडवं माप उभ्याच्या एक-तृतीयांशानं जास्त आलं तर ४:३ चित्र १६:९ मध्ये ताणलं गेलं. आडवं माप पाऊणपट भरलं तर १६:९ चित्र ४:३ मध्ये दाबलं गेलं. चूक मनाला येईल तेवढी होत नाही, ती जवळपास नेहमी या दोन ठरलेल्या मापांतच होते, आणि त्यामुळेच तिचा माग काढता येतो. मग तीच फ्रेम तीन ठिकाणी पाहायची: एडिटिंगच्या टाइमलाइनवर, एक्सपोर्ट झालेल्या फाइलमध्ये संगणकावर, आणि शेवटी टीव्हीवर. जिथे घड्याळ पहिल्यांदा लांबट होतं तिथे दोष. टाइमलाइनवरच लांबट असेल तर क्लिप आत घेताना तिचा पिक्सेल चुकीचा समजला गेला आहे, किंवा तयार टेम्प्लेटनं सगळ्या क्लिपा चौकटीभर ताणल्या आहेत. फाइलमध्ये लांबट असेल तर एक्सपोर्टच्या खिडकीत. आणि फक्त टीव्हीवर लांबट असेल, तर बहुधा रिमोटवरचं चित्राच्या आकाराचं बटण कधीतरी ‘फुल’ किंवा ‘वाइड’वर जाऊन तिथेच राहिलेलं असतं. या शेवटच्या कारणासाठी अख्खा व्हिडिओ पुन्हा रेंडर करणं म्हणजे वीज आणि वेळ दोन्ही वाया घालवणं, तरी ते होत राहतं, कारण टीव्ही कुणी तपासत नाही.

आता पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप. गिऱ्हाइकानं पैसे मोजले आहेत, ५५ इंची टीव्ही घेतला आहे, त्याला पडदा भरलेला हवा आहे. त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत काळ्या पट्ट्या ठेवणारे आपण कोण? हा आक्षेप मला मनापासून समजतो. नव्या टीव्हीच्या दोन्ही कडा काळ्या राहिल्या की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. पण मूळ चित्रानंच पडदा भरण्याचे मार्ग दोनच आहेत, ताणणं किंवा छाटणं, आणि दोन्हींची किंमत गिऱ्हाइकाला सांगितलेली नसते. छाटणं जास्त सभ्य वाटतं, कारण चेहरे बिघडत नाहीत. पण ४:३ चौकटीतून १६:९ काढायची तर उंचीचा चौथा हिस्सा टाकावा लागतो. वरून आठवा भाग, खालून आठवा भाग. ५७६ रेषांपैकी ४३२ उरतात. व्हीएचएसचं चित्र मुळातच विरळ, आडव्या दिशेनं जेमतेम २४० रेषांइतका तपशील असलेलं. पूर्ण चौकट ठेवली तर १०८० पर्यंत ते १.८७५ पट मोठं करावं लागतं, छाटलं तर अडीच पट. म्हणजे पडदा भरतो, आणि त्याच पडद्यावर चेहरे आणखी धूसर होतात.

काय छाटलं जातं हे तर आणखी महत्त्वाचं. या पट्ट्यातल्या आगरी-कुणबी घरांतली हळद डोळ्यांसमोर आणा. शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा, आणि जे घडतं ते सगळं खाली, जमिनीलगत. पाटावर बसलेला नवरदेव, पायांना लागणारी हळद, बाजूला मांडी घालून बसलेल्या बायका, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, तिच्या पुढ्यातली सुपं आणि तांदूळ. माणसांचे चेहरे चौकटीच्या वरच्या भागात आणि हात-पाय अगदी खालच्या काठाला. वरून आठवा भाग काढला की उभ्या असलेल्या मावशीचं डोकं जातं. खालून काढला की हळद लागणारे पाय जातात, म्हणजे ज्या कारणासाठी ते दृश्य घेतलं तेच जातं. खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली तारीख असते, तीही जाते, आणि पुष्कळ घरांत त्या दिवसाची तेवढीच लेखी नोंद उरलेली असते. मंगलाष्टकांत अक्षता वरून पडतात. छाटलेल्या चौकटीत त्या कुणी टाकल्या हे दिसत नाही. ४:३ चौकटीत शूटिंग करणाऱ्या माणसानं ती उंची वापरलेली असते. त्यानं वर-खाली सोडलेली जागा रिकामी नसते.

ताणण्याच्या बाजूनं वेगळा आक्षेप येतो: कुणाच्या लक्षात येतं? थोडं रुंद दिसलं तर काय बिघडलं? ‘थोडं’ किती ते इथे मोजता येतं. २००८ साली प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरनं पालच्या पिक्सेलची रुंदी १.०६७ वरून १.०९४ केली आणि रुंद पडद्यासाठीची १.४२२ वरून १.४५८७. कारण असं की ७२० पैकी खरं चित्र साधारण ७०२ नमुन्यांतच मावतं, उरलेले नमुने दोन्ही कडांना मोकळे असतात. जुन्या आणि नव्या मापातला फरक अडीच टक्क्यांचा. त्यामुळे जुन्या पद्धतीनं केलेल्या प्रोजेक्टमध्ये कडेला केसाएवढ्या काळ्या रेषा दिसू लागल्या आणि एडिटिंग करणारे गोंधळून गेले. या अडीच टक्क्यांसाठी मी कुणाशी भांडणार नाही. तेवढ्यानं कुणाचा चेहरा बदलत नाही, आणि कडेची रेषा दोन-चार पिक्सेल छाटली की प्रश्न मिटतो. पण ३३ टक्के ही वेगळी गोष्ट आहे. तीनशे पिक्सेल रुंद ताट चारशेचं होतं आणि उंची तीच राहते. लांबट चेहऱ्याची बाई गोल चेहऱ्याची होते. चालणारा माणूस आडवा जाताना भरभर सरकल्यासारखा वाटतो आणि उभा राहिला की बुटका. कॅमेरा तिरका झाला की अंगाचा बांधाच बदलतो. डोळ्याला सवय होते हे खरं आहे, पण ती सवय चुकीच्या चेहऱ्याची होते. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. व्हिडिओत ते ताणलेलं दिसलं तरी महाशिवरात्रीच्या जत्रेला जाऊन खरं मंदिर पाहता येतं, मनातलं चित्र दुरुस्त होतं. पण १९९४ च्या कॅसेटमध्ये हसणारी आजी आता नसेल, आणि नातवंडांनी तिला दुसरीकडे कुठे चालता-बोलताना पाहिलेलं नसेल, तर त्यांच्यासाठी तो ताणलेला चेहराच आजीचा चेहरा होतो.

कुणी म्हणतं की ४:३ ही जुन्या काळची मर्यादा होती, ती पुढे ओढण्यात अर्थ नाही. मला हे पटत नाही. ४:३ चौकट १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांची एक फ्रेम धरली तिथून आली, आणि पुढची साठ वर्षं जगातले सिनेमे जवळपास याच आकारात घडले. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ याच जवळपास चौकोनी चौकटीत दामले-फत्तेलालांनी रचला, आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा त्या उंचीत बसवला. तो रुंद करावा असं कुणी सुचवणार नाही. रुंद पडद्यासाठी रुंदच चित्रण करावं लागतं. १९५९ साली गुरुदत्तांनी ‘कागज के फूल’ हा देशातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट केला तेव्हा छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी प्रत्येक दृश्य त्या रुंदीसाठी वेगळं मांडलं. १६:९ हे मापही आकाशातून पडलेलं नाही. १९८० च्या दशकात अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी ४:३ पासून २.३५ पर्यंतचे प्रचलित आकार एकमेकांवर ठेवून पाहिले आणि सगळ्यांना कमीत कमी वाया जागा ठेवून सामावून घेणारी चौकट काढली. म्हणजे आजचा रुंद टीव्ही मुळात वेगवेगळ्या आकारांना पट्ट्यांसह जागा देण्यासाठीच त्या मापाचा झाला. काळ्या पट्ट्या हा त्याचा बिघाड नाही, तो त्याच्या रचनेचाच भाग आहे. यूट्यूबनं २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आपली चौकट १६:९ केली तेव्हा जुने ४:३ व्हिडिओ ताणले नाहीत, बाजूला पट्ट्या देऊन तसेच ठेवले.

सर्वांत किचकट काम व्हीएचएसचं नाहीच. ते २००४ ते २०१२ च्या दरम्यानच्या लग्नांचं आहे. त्या वर्षांत एका मांडवात दोन कॅमेरे असायचे, आणि दोघांची चौकट एक असेलच असं नाही. एकानं ४:३, दुसऱ्यानं १६:९. पीडी१७० सारखा त्या काळी लोकप्रिय असलेला कॅमेरा तर मुळात ४:३ सेन्सरचा. त्याला १६:९ वर ठेवलं की तो वरच्या-खालच्या रेषा टाकून उरलेलं चित्र उभं ताणून साठवायचा, म्हणजे छाटणी कॅमेऱ्यातच झालेली. मग मिक्सिंगमध्ये दोन्ही क्लिपा एका टाइमलाइनवर आल्या, घाईत सगळ्या एकाच मापात बसवल्या गेल्या, डीव्हीडी तयार झाली आणि मूळ कॅसेटी दुसऱ्या लग्नासाठी पुन्हा वापरल्या गेल्या. अशा डीव्हीडीत मेहंदी बरोबर दिसते आणि वरात दाबलेली. फाइलवरचा एक शेरा बदलून हे सुटत नाही, कारण शेरा अख्ख्या फाइलला लागतो. क्लिप जिथे बदलते तिथे कापून, प्रत्येक तुकड्यातली गोल वस्तू शोधून, एकेकाचं माप वेगळं लावावं लागतं. तीन तासांच्या डीव्हीडीला दोन दिवस लागू शकतात. आणि इथे माझ्या म्हणण्याला एक अपवादही आहे, तो मान्य केला पाहिजे. त्या काळात १६:९ चित्र पुष्कळदा वर-खाली काळ्या पट्ट्या चित्रातच पक्क्या करून ४:३ चौकटीत बसवलं जायचं. तीच डीव्हीडी आज रुंद टीव्हीवर लावली की बाजूलाही पट्ट्या येतात आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटासारखं चित्र उरतं, १९२०×१०८० च्या पडद्यावर फक्त १४४०×८१०, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त जागा. इथे छाटायलाच हवं, कारण छाटलं जातं ते काळं, चित्र नाही. फक्त एक काळजी घ्यायची: हे चित्रण सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमांचं, एकाआड एक रेषांचं असतं. ते आधी नीट सोडवून घेतल्याशिवाय उभं मोठं केलं तर हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात, आणि ते दाते पुन्हा जात नाहीत.

बाजूच्या पट्ट्या काळ्या ठेवण्याऐवजी त्याच चित्राची धूसर प्रत मागे लावली तर? बातम्यांच्या वाहिन्यांवर हे रोज दिसतं, विशेषतः मोबाइलवर उभ्या घेतलेल्या चित्रणाला. त्यात माणूस बिघडत नाही हे खरं, म्हणून ताणण्या-छाटण्यापेक्षा मी हे बरं मानतो. पण मागचं धूसर चित्र सतत हलत राहतं आणि नजर कडेला ओढतं. फाइलची जागाही त्या निरुपयोगी हालचालीवर खर्च होते, आणि जे मूळ चित्रात नव्हतं ते आता कायमचं त्यात मिसळतं. आता तर कडेची रिकामी जागा संगणकानं स्वतः रचून भरून देण्याची सोय आली आहे. मांडवाचं कापड, झालर, खुर्च्या हुबेहूब वाटतील अशा बनवून मिळतात. घरगुती चित्रणाला हे लावणं मला गैर वाटतं. त्या खुर्च्यांवर त्या दिवशी कुणीतरी खरं माणूस बसलेलं होतं, कॅमेऱ्यात आलं नाही एवढंच. त्याच्या जागी बनावट गर्दी बसवली तर तीस वर्षांनी “तो कडेचा कोण?” असं विचारणाऱ्याला घरातलं कुणीच उत्तर देऊ शकणार नाही. मोबाइलच्या उभ्या चित्रणालाही हाच न्याय. ते १०८०×१९२० चं असेल तर रुंद पडद्यावर सुमारे ६०८ पिक्सेल रुंदी व्यापतं, पडद्याचा एक-तृतीयांशही नाही. पण आडवं करण्याच्या नादात त्यातून मधला पट्टा कापला तर उभ्या माणसाचा फक्त धडाचा भाग उरतो. ज्यांना तो व्हिडिओ फोनवरच पाहायचा आहे त्यांना तो उभाच द्यावा. टीव्हीसाठी पट्ट्यांसह वेगळी प्रत करावी.

शेवटी वेळेचा आणि पैशाचा आक्षेप उरतो, आणि छोट्या दुकानाला तो सर्वांत जवळचा. दोन प्रती करायच्या, घड्याळं मोजायची, एवढं कोण करतं? यावर माझं उत्तर असं की बरंचसं काम वाटतं त्यापेक्षा हलकं आहे. सगळी फाइल सारखीच ताणली गेली असेल तर पुन्हा रेंडर करायची गरज नसते. एफएफएमपेगसारख्या मोफत साधनानं चित्राला हात न लावता नुसता शेरा बदलता येतो, आणि तासाभराची फाइल मिनिटाभरात सुधारते, फक्त आतला आणि बाहेरचा असे दोन्ही शेरे एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. ताणण्यात एवढं तरी बरं आहे, ते उलटवता येतं. छाटणी उलटवता येत नाही, म्हणून दोन्ही चुकांत मी छाटणीला जास्त गंभीर मानतो. कॅसेट कॅप्चर करताना ७२०×५७६ पूर्ण ठेवावं, खालच्या काठावर थरथरणारी पट्टी आणि कडेचे मोकळे पिक्सेल यांच्यासकट. ती जतनाची प्रत. घरी टीव्हीवर लावायची प्रत मात्र चौरस पिक्सेलमध्ये करावी: ४:३ असेल तर ७६८×५७६, मोठी करायची तर १४४०×१०८० आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल काळे धरून पूर्ण १९२०×१०८०. कारण टीव्हीत पेनड्राइव्ह लावल्यावर चालणारे काही प्लेअर शेरा वाचतच नाहीत, आणि चौरस पिक्सेलला शेऱ्याची गरजच पडत नाही. एवढं करूनही गिऱ्हाइकाला पडदा भरलेलाच हवा असेल तर तिसरी प्रत तशी द्यावी, किंवा त्याच्याच रिमोटवरचं झूमचं बटण दाखवावं. ते दाबून तो आज भरलेला पडदा पाहू शकतो आणि उद्या पुन्हा पूर्ण चौकट. माझा आग्रह त्याच्या पाहण्यावर नाही. जतनाची प्रत शाबूत राहावी एवढाच आहे.

ती प्रत शाबूत राहणं या भागात किती निकडीचं आहे, हे २६ जुलै २००५ नं दाखवलं. उल्हास आणि वालधुनी नद्यांचं पाणी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या सखल वस्त्यांत शिरलं. पुरातल्या गाळाच्या पाण्यात भिजलेली कॅसेट सुकवून चालवता येते असं क्वचितच होतं. जिथे पाणी आलं नाही तिथे कोकणपट्टीची दमट हवा आहे. कपाटात पडून राहिलेल्या फितीवर पांढरी बुरशी धरते. आणि कॅसेट चालवायला लागणारा व्हीसीआर नवा मिळत नाही. जपानमधल्या शेवटच्या निर्मात्यानं २०१६ च्या जुलैत तो बनवणं थांबवलं. म्हणजे एक कॅसेट बहुधा एकदाच नीट उतरवून घेता येणार आहे, आणि त्या वेळी जी फाइल होईल तीच पुढे मूळ. त्या फाइलच्या नावात आणि पेनड्राइव्हच्या पाकिटावर गाव, तारीख, ‘हळद’ की ‘लग्न’, आणि शेवटी ‘४:३’ एवढं लिहिलेलं असावं. म्हणजे जांभूळच्या एखाद्या घरात वीस वर्षांनी ते पाकीट ज्याच्या हाती लागेल, त्याला टीव्हीच्या बाजूला दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत हे कळेल.